कडव्यात न बसलेली नावे

१९०२ साली कलकत्त्यास गोहरजानबाईंनी गाणे संपताच आपले नाव मोठ्याने सांगितले. तबकडी घडायची जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना गायिका ओळखू यावी, एवढाच हेतू. पण नाव उरले! साथीदारांना मात्र कुणी नाव विचारले नाही.

हे आठवले ते राजापूर तालुक्यातल्या नाटे गावी. गणपतीचे दिवस होते. यशवंतगडाच्या पायथ्याशी एका वृद्ध मृदंगवाल्या आजोबांशी बोलत बसलो होतो. जाखडीत शक्तिवाले नि तुरेवाले सवाल-जबाब करतात आणि शेवटच्या कडव्यात शाहीर आपले नाव गुंफतो.

“आणि मृदंगवाला?” मी विचारले.

आजोबा हसले. “आमचा नाव कडव्यात बसत नाय, मास्तर.”

मग गुरूंपासून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या सोबत्यांपर्यंत एकेक नाव ते घेत गेले, मी लिहीत गेलो. त्यांतले एकही मी कुठल्या पुस्तकात वाचले नव्हते.

वाचकहो, दिवाळीला गावी जाल तेव्हा फराळ आटोपून घरातल्या वा शेजारच्या जुन्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांपाशी वही घेऊन बसा. तबकड्या पुढेही सापडतील. नावे सांगणारे सापडणार नाहीत.