आसेगाव, पण कुठलं?

वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावचे असाल, तर कॉलेजात पहिला प्रश्न ठरलेला : ‘कुठलं आसेगाव?’ मंगरुळपीर तालुक्यातलं, रिसोडकडचं आसेगाव पेन, की अमरावती जिल्ह्यातलं आसेगाव पूर्णा? अशा सारख्या नावांमुळे पत्रं भरकटायची. त्यावर श्रीराम भिकाजी वेलणकरांचा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला लागू झाला.

लिनक्समध्येही हाच घोळ होता. नेटवर्क कार्ड ज्या क्रमाने सापडेल, तसं नाव मिळायचं : ईटीएच०, ईटीएच१. दोन कार्डं असली की रीस्टार्टनंतर कधीकधी नावांची अदलाबदल! समजा, एक कार्ड इंटरनेटकडे, दुसरं लॅबकडे आणि फायरवॉलचे नियम नावावर लिहिलेले. नावं फिरली की कुलूप आतल्या दाराला आणि बाहेरचं दार सताड उघडं.

२०१३मध्ये सिस्टमडीच्या १९७व्या आवृत्तीपासून कार्डाच्या जागेवरून नाव द्यायची पद्धत आली. ईएनपी३एस० म्हणजे इथरनेट, पीसीआय बस ३, स्लॉट ०. दिसायला किचकट, पण पिनकोडच तो! मात्र कार्डाचा स्लॉट बदलला तर नावही बदलतं. ते टाळायचं असेल तर कार्डाच्या मॅक पत्त्याला स्वतःचं नाव बांधून टाका. कमाल १५ अक्षरांचं.

आता व्हीलॅन. १९९८मध्ये अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. रस्ते तेच राहिले, कारभार वेगळा. व्हीलॅनचंही तसंच. केबल एकच, पण प्रत्येक फ्रेमवर ४ बाइटची चिठ्ठी आणि तिच्यात १ ते ४०९४पैकी एक क्रमांक. ऑफिसला १०, विद्यार्थ्यांना २० दिला, की लिनक्सवर ईएनपी३एस०.१० आणि ईएनपी३एस०.२० अशी दोन इंटरफेस तयार करायची. विद्यार्थ्यांच्या कॉम्प्युटरवर व्हायरस शिरला, तरी फीचा हिशेब वेगळ्या वाटेवर राहतो.

इथे तीन ठिकाणी हमखास फसायला होतं. स्विचचा तो पोर्ट ‘ट्रंक’ केलेला नसतो. ‘आयपी’ कमांडने केलेली सेटिंग रीस्टार्टनंतर उडते. ती नेटप्लॅन किंवा नेटवर्कमॅनेजरमध्ये लिहावी लागते. आणि लिनक्सवर राउटिंग चालू असेल, तर फायरवॉलशिवाय दोन्ही वाटा पुन्हा एक होतात.

प्रयोग कॉलेजच्या चालू सर्व्हरवर नको. आपल्याच लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशीन उभ्या करा, हवं तेवढं बिघडवा आणि पुन्हा जोडा. नाव पक्कं, मग वाट वेगळी. क्रम तेवढा चुकवू नका.