पोटातली गाठ, की फुगलेली रक्तवाहिनी?

आज घरचीच गोष्ट सांगतो.

माझी मावशी लालबागला राहते. जेवल्यावर पोट जड व्हायचं, म्हणून तोंडातून दुर्बीण टाकली. रिपोर्टमध्ये आलं: जठराच्या मागच्या भिंतीला फुगवटा, अस्तर शाबूत, गाठ असू शकते. झालं! परळ-लालबागच्या माणसासमोर 'गाठ' म्हटलं की 1941पासून इथेच उभं असलेलं टाटा हॉस्पिटल येतं. मावशीने तर लॉकरची चावी कुठे असते तेही काकांना दाखवून ठेवलं.

मी डॉक्टरांना जरा तडकूनच विचारलं, "लगेच तुकडा का नाही काढला?" ते म्हणाले, "आधी आत रक्त वाहतंय का ते बघू." मला वाटलं, वेळ काढतायत.

पण बघा, प्लीहेला रक्त नेणारी धमनी जठराच्या मागून, स्वादुपिंडाच्या वरच्या कडेने नागमोडी जाते. तिची भिंत एखाद्या जागी कमजोर झाली की तिथे फुगा येतो. हाच ॲन्युरिझम. तो जठराला मागून रेटतो आणि दुर्बिणीतून दिसतो फक्त गुळगुळीत उंचवटा. जठराच्या भिंतीत वाढणारा 'जिस्ट' नावाचा ट्यूमरही डिट्टो असाच दिसतो. त्यातून फुग्यात रक्त गोठलेलं असेल तर ठोकाही जाणवत नाही. अशा ठिकाणी बायोप्सीचा चिमटा लावला तर? आत धमनीचं प्रेशर आहे, मंडळी! म्हणून आधी कलर डॉपलर, मग कॉन्ट्रास्ट देऊन सीटी ॲन्जिओग्राफी.

पोटातल्या रक्तवाहिन्यांनी भल्याभल्यांना चकवलंय. आइन्स्टाइनच्या महाधमनीत असाच फुगा होता. 1948मध्ये सर्जन रुडॉल्फ निसेन यांनी त्यावर चक्क सेलोफेन गुंडाळला. 1955मध्ये तो फुटला तेव्हा दुखणं पित्ताशयाचं वाटत होतं.

प्लीहेच्या धमनीचा फुगा पुरुषांपेक्षा बायकांमध्ये बराच जास्त सापडतो, विशेषतः अनेक बाळंतपणं झालेल्यांत. गरोदरपणात फुटला तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं. म्हणून मूल होण्याच्या वयात लहान फुग्यावरही उपचार करतात. बाकीच्यांत साधारण 2-3 सेंटिमीटरच्या पुढे गेला की.

मावशीच्या डॉपलरमध्ये काळा गोळा लाल-निळा झाला. फुगाच होता! मांडीतल्या धमनीतून बारीक नळी नेऊन आत धातूच्या कॉइल्स भरल्या, पोट फाडावं लागलं नाही. तुमच्या घरी असा रिपोर्ट आला, तर बायोप्सीआधी विचारा, "डॉपलर झालाय का?"

लॉकरची चावी मावशीने परत स्वतःकडे घेतलीय. काकांना नवी जागा सांगितलेली नाही.