५२६ थोर की ६२६? पूलमधील दोन काळांच्या तुलनेचे कोडे

मार्च १९५४ मध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे विली मॉस्कोनी यांनी एका प्रदर्शनीय सामन्यात एकही चूक न करता सलग ५२६ चेंडू पॉकेटमध्ये घातले. उपस्थित प्रेक्षकांनी त्याची साक्ष म्हणून प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या. हा विक्रम तब्बल ६५ वर्षे अबाधित राहिला. मे २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे जॉन श्मिट यांनी ६२६ चेंडूंची मजल मारली आणि जानेवारी २०२२ मध्ये जेसन शॉ यांनी हा आकडा ७१४ वर नेला. आकडे असे चढत गेले असले, तरी म्हणून मॉस्कोनी यांचे स्थान खाली आले, असे मानायला या खेळातील अनेक जाणकार तयार नाहीत. त्यांचा हा आग्रह केवळ जुन्या काळाच्या ओढीतून आलेला आहे काय, हे तपासायचे तर आकड्यांच्या मागे काय दडले आहे ते पाहावे लागते.

भारतीय वाचकाला बिलियर्ड्स आणि स्नूकर अधिक परिचयाचे आहेत. पूल हा त्याच कुळातील, मुख्यतः अमेरिकेत वाढलेला खेळ. त्याचे टेबल स्नूकरच्या टेबलापेक्षा लहान आणि पॉकेट रुंद असते. मॉस्कोनी यांच्या काळी ‘स्ट्रेट पूल’ हा त्याचा प्रमुख प्रकार होता. त्यात १५ चेंडू असतात, कोणताही चेंडू कोणत्याही क्रमाने घालता येतो आणि प्रत्येकाचा एक गुण मिळतो. मात्र कोणता चेंडू कोणत्या पॉकेटमध्ये घालणार, हे आधी सांगावे लागते. टेबलावर एकच चेंडू उरला की बाकीचे १४ पुन्हा त्रिकोणात रचले जातात. उरलेला चेंडू घालतानाच पांढऱ्या चेंडूने तो त्रिकोण फोडायचा, ही या प्रकारातील खरी कसोटी. ५२६ चेंडू म्हणजे अशी मांडणी ३५ हून अधिक वेळा चूक न करता फोडणे.

आता दोन विक्रमांची परिस्थिती पाहावी. मॉस्कोनी खेळले ते टेबल आठ फुटी होते, तर श्मिट यांचे नऊ फुटी. लहान टेबलावर फटक्याचे अंतर कमी होते, त्यामुळे येथे पारडे श्मिट यांच्याकडे झुकते. परंतु १९५४ मधील टेबलाचे कापड जाड आणि संथ असे. चेंडूंचा घट्ट पुंजका फोडायला त्यावर मनगटात अधिक जोर लागे, तर आजच्या गुळगुळीत, वेगवान कापडावर तो सहज विखुरतो. याहून मोठा फरक आहे तो हेतूचा. मॉस्कोनी त्या दिवशी विक्रमासाठी उतरलेच नव्हते. स्थानिक खेळाडूविरुद्धचा नेहमीचा सामना २०० गुणांचा होता. ते गुण पूर्ण झाल्यावरही त्यांची खेळी तुटली नाही आणि ते खेळत राहिले. श्मिट यांनी मात्र विक्रम हेच उद्दिष्ट ठेवून, पहिल्या फटक्याची मांडणी स्वतःच्या सोयीने करून, दीर्घकाळ पुनःपुन्हा प्रयत्न केले. एक आकडा एका संध्याकाळच्या खेळातून निघाला, दुसरा अनेक प्रयत्नांतील सर्वोत्तम आहे. दोन्ही पराक्रम थोर आहेत, पण ते एकाच मापाने मोजता येत नाहीत.

विजेतेपदांची मोजणी तर याहूनही फसवी. मॉस्कोनी यांनी १९४१ ते १९५७ या काळात १५ वेळा जागतिक विजेतेपद मिळवले. फिलिपाइन्सच्या एफ्रेन रेयेस यांच्या नावावर मात्र नाइन-बॉलचे १९९९ मधील आणि एट-बॉलचे २००४ मधील अशी दोनच जागतिक विजेतेपदे आहेत. यावरून मॉस्कोनी सात पटींनी श्रेष्ठ ठरतात काय? मॉस्कोनी यांच्या काळात विजेतेपदाचा निकाल अनेकदा दोघांमधील आव्हानाच्या लढतीतून लागे आणि स्पर्धकांचे वर्तुळ मूठभर अमेरिकन खेळाडूंपुरते होते. त्या वर्तुळाचे दार सर्वांना उघडेही नव्हते. सिसेरो मर्फी या कृष्णवर्णीय खेळाडूला वर्णभेदामुळे वर्षानुवर्षे प्रमुख स्पर्धांबाहेर ठेवले गेले. १९६५ मध्ये संधी मिळताच त्यांनी स्ट्रेट पूलचे जागतिक विजेतेपद जिंकले. त्यांच्याआधी असे किती जण दाराबाहेरच राहिले, हे कोणत्याही विजेत्यांच्या यादीत सापडणार नाही. रेयेस यांची अडचण निराळी होती. नाइन-बॉलची जागतिक स्पर्धा १९९० मध्ये सुरू झाली, तेव्हा त्यांनी वयाची पस्तिशी गाठलेली होती.

हाच पेच भारतीय बिलियर्ड्समध्येही दिसतो. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ आणि १९६४ मध्ये जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेतेपद पटकावले. पुण्यातच जन्मलेल्या पंकज अडवानी यांच्या जागतिक विजेतेपदांची संख्या पंचविशीच्या पुढे गेली आहे. अडवानी यांची थोरवी निर्विवाद आहे. तथापि जोन्स यांच्या काळी ही स्पर्धा साधारणपणे दोन किंवा त्याहून अधिक वर्षांनी होई आणि तिचे विजेतेपद एकच असे, तर अडवानी यांच्यासमोर बिलियर्ड्सचे दोन प्रकार, स्नूकर आणि सिक्स-रेड अशी अनेक दारे उघडी होती.

पूलमध्ये तर खेळाचे नियमच बदलले. नाइन-बॉलमध्ये टेबलावरील सर्वांत लहान क्रमांकाच्या चेंडूला पांढऱ्या चेंडूने प्रथम स्पर्श करावा लागतो आणि नऊ क्रमांकाचा चेंडू नियमानुसार घालणारा रॅक जिंकतो. पूर्वी अडचणीत सापडलेला खेळाडू पांढरा चेंडू नुसता ढकलून मोकळा होऊ शके. १९८० च्या दशकात नवा नियम रूढ झाला. त्यानुसार एक चूक झाली की प्रतिस्पर्धी पांढरा चेंडू हवा तेथे ठेवू शकतो. त्यामुळे चेंडू लपवणे हे प्रभावी शस्त्र बनले आणि लपलेल्या चेंडूपर्यंत कुशनवर आपटून पोहोचणे ही स्वतंत्र विद्या ठरली. त्या विद्येत रेयेस यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ‘जादूगार’ हे बिरूद त्यांना मिळाले ते याच काळात. मॉस्कोनी यांना या विद्येची फारशी गरजच पडली नाही, म्हणून त्यांच्या अंगी ती नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल.

अर्ल स्ट्रिकलंड यांनी १९९६ मध्ये डॅलस येथे सलग ११ रॅक प्रतिस्पर्ध्याला संधी न देता जिंकले. रॅक जिंकणाऱ्यालाच पुढील ब्रेक मिळे, म्हणून ते शक्य झाले. ज्या स्पर्धांत ब्रेक आलटून-पालटून दिला जातो, तेथे असा पराक्रम नियमानेच अशक्य आहे. साधनांचेही तसेच. आजच्या खेळाडूकडे कार्बन फायबरची क्यू असते, ब्रेकसाठी आणि चेंडू उडवण्यासाठी वेगळ्या क्यू असतात. उलट आजच्या मोठ्या स्पर्धांतील पॉकेट अवघ्या चार इंचांची असतात. मॉस्कोनी यांच्या काळी सहज आत गेलेले कित्येक चेंडू तेथे काठावरच अडकले असते.

यावर उपाय म्हणून काही मोजमापे पुढे आली. ‘अ‍ॅक्यू-स्टॅट्स’ पद्धतीत घातलेल्या चेंडूंची संख्या ही घातलेले चेंडू आणि चुका यांच्या बेरजेने भागली जाते. १८० चेंडू आणि २० चुका असतील तर गुणांक ०.९०० येतो, आणि ही पातळी जागतिक दर्जाची मानली जाते. जुन्या सामन्यांची चित्रफीत असेल तर हे गणित आजही मांडता येते. मात्र पॉकेट चार इंचांचे होते की पाच, हे त्या गुणांकाला कळत नाही. ‘फार्गो’ गुणांकन अधिक सूक्ष्म आहे. दोन खेळाडूंत १०० गुणांचे अंतर असेल तर वरचा खेळाडू सरासरी दोन रॅक जिंकताना खालचा एक जिंकतो, असे त्याचे सूत्र. परंतु हे गुणांकन सापेक्ष असते. जे एकमेकांशी, किंवा एकमेकांच्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळले, त्यांचीच तुलना त्यातून होते.

पिढ्या जोडणारे दुवे नाहीत असे नाही. १९३३ मध्ये तरुण मॉस्कोनी आणि तेव्हाचे सम्राट राल्फ ग्रीनलीफ यांनी एकत्र दौरा करून शंभराहून अधिक सामने खेळले आणि त्यांत ग्रीनलीफ थोड्या फरकाने पुढे राहिले. मात्र तो निकाल विशीतल्या, अजून घडत असलेल्या मॉस्कोनी यांचा होता. एकाच काळातील दोघांना वेगळे करणेही किती अवघड असते, ते १९९६ मध्ये हाँगकाँगला दिसले. रेयेस आणि स्ट्रिकलंड तीन दिवस झुंजले आणि १२० विरुद्ध ११७ अशा फरकाने रेयेस यांनी एक लाख डॉलर जिंकले. २३७ रॅकनंतर अंतर अवघे तीन रॅकचे होते.

त्यामुळे त्यातल्या त्यात न्याय्य प्रश्न असा, की खेळाडू आपल्या समकालीनांपेक्षा किती उंच होता आणि ते समकालीन किती तोलाचे होते. पहिल्या निकषावर मॉस्कोनी यांना तोड नाही. दुसऱ्या निकषावर अमेरिकन ओपनची आकडेवारी बोलकी आहे. स्ट्रिकलंड आणि शेन व्हॅन बोनिंग या दोघांनीही ती स्पर्धा पाच-पाच वेळा जिंकली. परंतु स्ट्रिकलंड यांची पहिली तीन विजेतेपदे १९९३ पर्यंतची आहेत आणि तोवर एकाही परदेशी खेळाडूने ती स्पर्धा जिंकलेली नव्हती. १९९४ मध्ये रेयेस यांनी ती कोंडी फोडली. व्हॅन बोनिंग यांची पाचही विजेतेपदे २००७ पासून पुढची, फिलिपिनो, तैवानी आणि युरोपीय खेळाडूंच्या गर्दीतून आलेली आहेत. ती अधिक जड मानावी लागतात.

आणखी एक निकष उरतो तो अष्टपैलुत्वाचा, आणि तेथे रेयेस सर्वांच्या पुढे उभे राहतात. डर्बी सिटी क्लासिक या बहुप्रकारी स्पर्धेतील सर्वंकष विजेत्याचा मान त्यांनी पाच वेळा मिळवला. नाइन-बॉलचा चपळपणा आणि वन-पॉकेटचा बुद्धिबळासारखा संयम एकाच खेळाडूत क्वचितच नांदतो.

२०१९ आणि २०२४ मधील नाइन-बॉल जगज्जेते फेडर गोर्स्ट यांच्या पिढीच्या मोठ्या लढती आता चित्रित होतात आणि त्यांचे निकाल गुणांकनात नोंदले जातात. पन्नास वर्षांनी त्यांची तुलना करणाऱ्याच्या हाती बरीच सामग्री असेल. मॉस्कोनी यांच्या ५२६ चेंडूंची मात्र चित्रफीत नाही. आहे ते सह्यांचे प्रतिज्ञापत्र.