डिप्रेशन सुरू झालं तेव्हा काय चाललं होतं?

डिप्रेशन म्हटलं की आपल्याला दोनच उपाय सुचतात: गोळ्या, नाहीतर 'पॉझिटिव्ह विचार कर' हा सल्ला. (दुसऱ्याने कोणी बरं झालेलं निदान मी पाहिलेलं नाही.) इंटरपर्सनल सायकोथेरपी, म्हणजे आयपीटी, ही वेगळी वाट आहे. जेराल्ड क्लर्मन आणि मर्ना वाइसमन यांनी ती अमेरिकेत विकसित केली. १९८४ मध्ये त्यांचं पुस्तक आलं.

तिचा मुख्य प्रश्न साधा आहे: त्रास सुरू झाला तेव्हा आयुष्यात काय घडत होतं, आणि कोणाबरोबर? बालपण उकरत बसायचं नाही. जवळची माणसं कोण, कोणाकडून काय हवं होतं, कुठे बिनसलं, हे आधी विचारतात. मग मृत्यूचं दुःख, नात्यातला वाद, बदललेली भूमिका किंवा एकटेपणा यांतली एखाद-दुसरी दुखरी जागा धरून साधारण १२ ते १६ आठवडे काम चालतं.

बदललेली भूमिका म्हणजे काय? समजा, बारावीनंतर एक मुलगी गाव सोडून हॉस्टेलवर आली. जुन्या मैत्रिणी सुटल्या, नव्या जुळल्या नाहीत, आणि घरी फोनवर रोज 'सगळं ठीक'. आयपीटी तिला खंबीर व्हायला सांगत नाही. हा आजार आहे, आळस नव्हे, हे सुरुवातीलाच स्पष्ट करते. सुटलं त्याबद्दल तिला रडू देते. आईला नेमकं काय आणि कसं सांगायचं, याची चक्क तालीम करून घेते.

भाषेच्या विद्यार्थ्यांनी युगांडातला प्रयोग जरूर वाचावा. तिथे 'डिप्रेशन' हा शब्द लादला नाही; लोक स्वतः काय म्हणतात ते आधी विचारलं. लुगांडा भाषेत दोन शब्द सापडले, ढोबळ अर्थ स्वतःचा तिटकारा आणि स्वतःची कीव. मग डॉक्टर नसलेल्या स्थानिकांना शिकवून ३० पैकी निम्म्या गावांत १६ आठवडे गट चालवले. २००३ मध्ये निकाल छापून आले: गट चाललेल्या गावांत त्रास कितीतरी जास्त कमी झाला होता.

आपल्या गोव्यातही मानस प्रकल्पात डॉक्टर नसलेले समुपदेशक आयपीटी वापरत. २०१० च्या निकालात सरकारी आरोग्य केंद्रांत फायदा दिसला, खासगी दवाखान्यांत नाही. आपल्याकडेही दवाखान्यात कोणी 'मला डिप्रेशन आहे' म्हणत नाही. 'झोप नाही', 'डोकं जड', 'कशात मन लागत नाही' म्हणतात. ऐकणाऱ्याला ही भाषा कळायला हवी.

आजार तीव्र असेल तर औषधंही लागतात. जीव द्यावासा वाटत असेल तर थांबू नका: सरकारच्या टेली-मानसचा नंबर १४४१६, फोन फुकट, दिवसरात्र चालू.