म्हसळ्याचे सांदण

प्रवासाला निघालेली मंडळी हल्ली नुसते पाहून येत नाहीत, शिकूनही येतात. थायलंडला गेलेल्या मैत्रिणी चिआंगमाईच्या अर्ध्या दिवसाच्या वर्गात नारळाच्या दुधातला रस्सा शिकतात. इटलीला गेलेल्या पास्ता लाटायला शिकतात. कौतुकाचीच गोष्ट! पण नारळाच्या दुधाचे धडे घ्यायला इतके दूर कशाला जायचे, असे मला म्हसळ्याला गेल्यावर वाटले.

म्हसळा हे रायगड जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. माणगावला आगगाडी सोडून मोर्बा-साईवरून श्रीवर्धनची वाट धरली, की मध्ये ते लागते. १९४८ पर्यंत हा मुलूख जंजिरा संस्थानात होता. कोकणी मुसलमानांची वस्ती इथे मोठी. पुष्कळ घरांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर, आफ्रिकेत, पुढे आखाती देशांत कामाला गेले. मागे घर आणि चूल सांभाळली ती बायकांनी.

ओळखीने अशाच एका घरी मी दोन सकाळी शिकायला बसले. शिकवणाऱ्या बाईंना सारे खाला म्हणतात. शिकणाऱ्या आम्ही तिघी : मी, त्यांची धाकटी सून आणि मुंबईहून सुटीला आलेली नात. धडा होता सांदणाचा.

सांदण म्हटले, की आमच्या डोळ्यांपुढे येतो बरक्या फणसाचा रस, तांदळाचा रवा आणि गूळ. खालांचे सांदण निराळे. रात्री भिजवलेले तांदूळ ओल्या खोबऱ्याबरोबर वाटायचे. त्यात मूठभर शिजलेला भात, चवीपुरते मीठ-साखर. पूर्वी ते आंबवायला माडाची माडी घालीत. आता यीस्ट आले. पीठ फुगून वर आले, की तेल लावलेल्या वाट्यांत अर्धे-अर्धे ओतून वाफवायचे. निघते ते पांढरेशुभ्र, जाळीदार, मटणाच्या रश्शात बुडवावे असे. गोव्याच्या ख्रिस्ती घरांतली सान्नां ही याचीच सख्खी बहीण. एकाच किनाऱ्यावरच्या तीन स्वयंपाकघरांत एकच वाफ!

मी वही उघडून माप विचारले. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली वाटी-चमच्याचे माप मराठी घरांत नेले, तेव्हापासून माप दिसल्याशिवाय आपला हात पुढे होत नाही. खाला हसल्या.

“बाय, तुझी वाटी न् माझी वाटी सारखी कुठे? तांदूळ तरी सारखा कुठे? हात घाल पिठात.”

म्हणणे खरेच होते. जुना तांदूळ पाणी जास्त पितो, नवा कमी. उन्हाळ्यात पीठ लवकर फुगते, थंडीत रेंगाळते. पीठ इडलीच्या पिठाहून किंचित सैल आणि घावनाच्या पिठाहून घट्ट हवे, हे बोटांनाच कळते. नात फोनवर सारे टिपून घेत होती. थोड्या वेळाने तिने फोन फळीवर ठेवला आणि बाह्या वर सारल्या.

हा वर्ग खरे तर माझ्यासाठी नव्हताच. धाकटी सून महिन्याभराने नवऱ्याकडे कुवेतला जाणार होती. तिथे अंगणात माड नाही, हाताशी सासू नाही. तांदूळ मिळेल तो, नारळाचे दूध डब्यातले. म्हणून खाला तिला जिन्नस पाठ करायला लावीत नव्हत्या. जिन्नस बदलला तर काय सांभाळायचे, ते शिकवीत होत्या. पातळ झाले तर काय, फुगले नाही तर किती थांबायचे, हे त्या पुन्हा पुन्हा विचारीत. सून उत्तर देई आणि चुकले की पुन्हा तिचाच हात पिठात. कागदावरची कृती परदेशी पोचेल; पण कागद बोटांना काय शिकवणार?

दिवाळीत आपण शेजारी फराळाचे ताट पाठवतो आणि ईदेला त्यांच्याकडून खीर येते. ताटे वर्षानुवर्षे येतात-जातात, पण पदार्थ कसा झाला ते विचारायला आपण उंबरठा ओलांडतो का? या दिवाळीत ताट घेऊन स्वतः जा, आणि त्यांच्या घरचा एक पदार्थ चुलीपाशी उभे राहून शिकून या. वही जरूर न्या. पण लिहिण्याआधी हात पिठात घाला.