डिमरविषयीचे समज आणि विजेचा हिशेब

दिव्याचा प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या डिमरबद्दलचा सर्वांत रूढ समज असा की, प्रकाश मंद केला तरी वाचलेली वीज डिमरमध्येच जळते आणि विजेचे बिल तेवढेच येते. हा समज निराधार नाही; तो जुन्या यंत्रणेपुरता खराच होता. नाट्यगृहांतील पूर्वीचे डिमर आणि पंख्यांचे हाताला गरम लागणारे जुने रेग्युलेटर तारेचे वेटोळे एकसर जोडून, म्हणजे त्याच विद्युतमार्गात रोध घालून, विजेचा काही भाग उष्णतेच्या रूपाने वाया घालवीत असत. मात्र 1959 साली अमेरिकेत जोएल स्पायरा यांनी घरगुती वापराचा अर्धवाहक डिमर सिद्ध केला, तेव्हापासून पद्धतच पालटली. आज भिंतीवरच्या डिमरमध्ये बहुधा ट्रायॅक नावाचा अर्धवाहक स्विच असतो. भारतातील 50 हर्ट्झच्या पुरवठ्यात सेकंदाला 100 अर्धचक्रे येतात आणि ट्रायॅक प्रत्येक अर्धचक्राच्या 10 मिलिसेकंदांपैकी सुरुवातीचा काही भाग रोखून उरलेलाच दिव्याकडे जाऊ देतो. जो भाग रोखला जातो, त्या काळात वीज वाहतच नाही, त्यामुळे ती जळण्याचा प्रश्नही उरत नाही. ट्रायॅक थोडासा तापतो, पण तो व्यय किरकोळ असतो.

याच्या उलट टोकाचा समज असा की, प्रकाश जेवढा घटेल तेवढीच वीज वाचेल. तारेच्या बल्बबाबत हे साफ चुकीचे आहे. विद्युतदाब कमी झाला की तंतू थंड व लालसर होतो आणि विजेचा अधिकाधिक वाटा दृश्य प्रकाशाऐवजी उष्णतेत जातो. परिणामी 100 वॅटच्या बल्बचा प्रकाश एक चतुर्थांशावर आणला तरी तो सुमारे 50 वॅट वीज घेतच राहतो. शिवाय डोळ्यांना हा चतुर्थांश प्रकाश जवळजवळ निम्म्याइतका भासतो, म्हणून केवळ नजरेच्या अंदाजावर बचत मोजू नये. मंद प्रकाशच हवा असेल, तर मोठा बल्ब दाबून ठेवण्यापेक्षा कमी वॅटचा बल्ब लावणे केव्हाही शहाणपणाचे.

एलईडीचे गणित निराळे आहे, आणि घरोघरी खरा घोटाळा इथेच होतो. एलईडीमधील प्रवाह कमी केला, किंवा तो सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद केला, तर वीज साधारणपणे प्रकाशाच्या प्रमाणात घटते. पण त्यासाठी बल्बमधील ड्रायव्हर, म्हणजे पुरवठ्याच्या विजेचे एलईडीला योग्य अशा प्रवाहात रूपांतर करणारे मंडल, डिमरचा इशारा ओळखणारे असावे लागते. साध्या बल्बचा ड्रायव्हर पुरवठा घटला तरी प्रकाश स्थिर राखण्याची धडपड करतो, आणि ते अशक्य झाले की बल्ब लुकलुकतो किंवा एकदम विझतो. कालांतराने ड्रायव्हर बिघडूही शकतो. म्हणूनच वेष्टनावर ‘डिमेबल’ असे लिहिले आहे की नाही, हे पाहूनच खरेदी करावी. त्यातही तारेच्या बल्बांसाठी बनवलेल्या डिमरला किमान काही वॅटचा भार लागतो, तो सात वॅटच्या एकट्या एलईडीने भागत नाही. अर्धचक्राचा शेवटचा भाग छाटणारा डिमर एलईडीला सहसा अधिक मानवतो.

पंख्याचा रेग्युलेटर दिव्याला चालतो, हा समजही सोडून द्यावा. पायऱ्यांचे आधुनिक रेग्युलेटर कपॅसिटर वापरून पंख्याचा वेग बदलतात आणि पंख्याच्या मोटरसाठीच आखलेले असतात. उलट, दिव्याच्या डिमरवर पंखा लावला तर तो घुमण्याची शक्यता असते.

मोठ्या कार्यालयांत पुरवठ्याची लाट छाटण्याऐवजी डालीसारख्या प्रणालीतून स्वतंत्र तारांवरून प्रत्येक ड्रायव्हरला थेट आज्ञा पाठवली जाते. अशा एका मार्गावर 64 साधने जोडता येतात, आणि प्रकाशाच्या 254 पायऱ्या समान अंतराच्या नसून डोळ्यांच्या संवेदनेला अनुसरून आखलेल्या असतात, त्यामुळे तळाकडच्या पायऱ्या प्रत्यक्षात फार बारीक असतात.