खोपीला शेपूट

"दार पाण्याकडंच पायजे!" पोरगी हटून बसलीय.

"पाण्याकडूनच वारं येते बाई. रातभर कोण कुडकुडन?" आबा कामटी वाकवता वाकवता विचारतात.

जानेवारीची सकाळ. देऊळगाव राजा तालुक्यातलं खडकपूर्णा धरण, म्हणजेच संत चोखासागर. चोखोबांचं जन्मगाव मेहुणा राजा याच तालुक्यातलं. मी आलोय कटला घ्यायला, पण आजोबा-नातीचा हा वाद मिटल्याशिवाय तराजू हलायचा नाही. तेव्हा माझ्याही हातात एक बांबू आलाय.

खोपी जाळ्याच्या राखणीची. संध्याकाळी जाळं सोडलं की रात्री कुणीतरी काठाला निजायचंच. पण काठ एका जागी राहील तर ना! पाणी उतरत जातं, गाळ उघडा पडतो, त्यात गाळपेर होते आणि खोपी उगाच रानात उभी राहते. म्हणून यंदा आबांनी खोपी जमिनीत रोवलीच नाही. जुन्या बाजेच्या माच्याला कामट्यांच्या कमानी बांधल्यात. निजायची जागा तीच, घरही तेच. चौघांनी चार पाय धरले की निघालं.

कमानींवर फ्लेक्स चढतोय. आबा तो दाभणानं नाही, जाळं विणायच्या सुईनं शिवतायत. बांबूची चपटी सुई, पोटात नायलॉनचा दोरा गुंडाळलेला. दर टाक्याला ती गाठ मारून येते, तीही जाळ्याचीच गाठ. फ्लेक्स कुठल्याशा निवडणुकीतला. हात जोडलेला पुढारी नेमका उशाशी आलाय.

"तोंड आतल्या अंगाला घ्या ना," मी सुचवतो.

"नको जी. रातभर माह्याकडंच पाहत राहीन तो."

पुढारी बाहेरच राहतो, पावसाला हात जोडून.

मासळी बाजारात जाते ती थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या चुऱ्यावर. डबा तडकला तरी इथं फेकत नाहीत. त्याचे तुकडे जाळ्याला तरंग म्हणून लागतात. जाड पाट मिळाले की गोणपाटात शिवून तराफा होतो. आज एक झाकण पोरीनं पळवलंय. कोळशानं त्यावर मोठा डोळा काढलाय, मागं कल्ल्याची रेघ. पलीकडच्या टोकाला तुराट्यांची जुडी पंख्यासारखी फाकवून बांधायचं चाललंय. बाजेचा मासा होतोय.

मी तिला मोबाईलवर एक फोटो दाखवतो. अमेरिकेतलं मिनेसोटा राज्य, गोठलेलं तळं, त्यावर रंगीबेरंगी खोपटी. तिकडं बर्फाला भोक पाडून गळ टाकतात आणि वाऱ्यापासून आडोसा म्हणून अशी खोपटी ओढत नेतात. ती पाहूनच मिनियापोलिसच्या कलावंतांनी 2004 पासून 'आर्ट शँटी' नावाचा खेळ मांडला : तळ्यावर चित्रविचित्र खोपटी बांधायची, लोकांनी आत शिरून मजा करायची.

"पाण्यावर घर? बुडत नाही?"

"चार इंच जाड बर्फ असला की माणूस चालतो त्यावर. थंडी सरायच्या आत खोपटी काढून न्यावी लागतात."

"म्हणजे त्याह्यलाही उचला लागते," आबा म्हणतात. त्यांना तेवढंच पटलेलं दिसतंय.

दाराचा प्रश्न अजून तसाच आहे. पोरगी बाजेवर आडवी होते, कुशीवर वळते, डोळ्यापाशी फ्लेक्सवर बोट टेकवते. "इथं भोक पाडा." आबा थबकतात. मग विळ्यानं पेल्याएवढी चकती कापतात. झाकणावरच्या डोळ्याचं बुबुळही कोरतात आणि झाकण त्या भोकावर शिवून टाकतात. दार वाऱ्याला पाठ देऊन, डोळा पाण्याकडं. निजल्या निजल्या सगळे तरंग दिसावेत.

शेपटीची दुसरी गाठ बसायची आहे. पोरगी आतून डोळ्याला डोळा लावून पाहतेय.

"आबा, तिसरा तरंग बुडला."

"उगी काहीतरी."

"बुडला म्हणते ना! चौथाही गेला."

सुई फ्लेक्सला तशीच लटकत ठेवून आबा तराफ्याकडं पळतात. शेपूट माझ्या हातात.